काळ्या मातीच्या मुलखातला पहिला वामनवृक्ष

खान्देशात कुणाचे पहिले बोन्साय वाळले की दोष उन्हाच्या माथी जातो. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ अंशांपुढे सरकतो, तेव्हा हा आरोप अगदीच खोटा नाही. पण वाळलेले झाड कुंडीतून काढून पाहिले, तर बऱ्याचदा मुळे काळी पडून कुजलेली तरी असतात, नाहीतर टणक ढेकळात अडकून तुटलेली. झाडाचा घात आधी मातीने केलेला असतो. ऊन नंतर येते.

ही माती म्हणजे तापीकाठची काळी, कसदार माती. इथली केळी आणि कापूस तिच्यावरच उभा आहे. नवा हौशी माणूस मोठ्या विश्वासाने तीच कुंडीत भरतो. बेसॉल्ट खडक झिजून झालेल्या या मातीतली चिकणमाती पाणी शोषून फुगते आणि सुकली की आकसते. शेतात भेगा पडल्या तरी मुळांना खाली आणि बाजूला पसरायला जागा असते. दोन-तीन इंच खोलीच्या ट्रेमध्ये ती नसते. पाणी घातले की चिखल, ओढ बसली की ढेकूळ, आणि प्रत्येक आकसण्यात बारीक मुळ्या तुटतात.

उथळ कुंडीचे आणखी एक भौतिकशास्त्र आहे. भांडी घासायचा आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवून आडवा धरावा. पाणी ठिबकायचे थांबले की तो उभा करावा. पुन्हा पाणी गळू लागते. बारीक छिद्रांतले पाणी केशाकर्षणामुळे तळापासून ठरावीक उंचीपर्यंत अडून राहते. उंच कुंडीत हा ओला थर तळाशी राहतो आणि वरच्या मुळांना हवा मिळते. उथळ ट्रेमध्ये जवळजवळ सगळी माती त्या ओल्या थरातच येते. मुळांनाही श्वसनासाठी ऑक्सिजन लागतो; तो मिळाला नाही की ती कुजतात. कण जाड असतील तर हा थर कमी उंचीचा होतो. म्हणून जाणकारांच्या ट्रेमधली माती मातीसारखी दिसतच नाही. जपानी लोक ‘अकादामा’ नावाची कणीदार ज्वालामुखी माती वापरतात. ती मागवायची काही गरज नाही. विटांचा चुरा, मुरूम, नदीची जाड रेती आणि थोडे गांडूळखत यांवर आपल्याकडे उत्तम भागते. तुरीच्या डाळीएवढे खडे ठेवावेत आणि चाळणीखाली पडलेली भुकटी न चुकता टाकून द्यावी. या एका कामात कंजुषी केली तर पुढचे सगळे कष्ट वाया जातात.

झाड कोणते घ्यावे, याचे उत्तर गावातल्या जुन्या भिंती देतात. धाब्याच्या घराच्या भिंतीत, विहिरीच्या कठड्यात, बुरुजाच्या सांध्यात पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेले वड-पिंपळाचे बी रुजते आणि चिमूटभर मातीवर वर्षानुवर्षे तगते. याच कुळातला नांद्रुक पहिल्या बोन्सायसाठी सर्वांत चांगला. त्याची पाने मुळातच लहान, छाटणीनंतर फूट भरपूर, आणि फांदी खोचली तरी मुळ्या धरते. पिंपळाचे पान लहान करायला कसब लागते, तो मोह पुढे ढकलावा. ऑनलाइन मिळणारे जुनिपर आणि जपानी पाइन मात्र घेऊच नयेत. त्यांना कडक थंडीतली दीर्घ विश्रांती लागते. धुळ्याच्या चार-दोन गारठ्याच्या रात्री त्यांना पुरत नाहीत.

बोन्साय म्हणजे झाडाची उपासमार, असा एक आक्षेप हमखास ऐकू येतो. तो चुकीचा आहे. झाडाची जनुके तीच राहतात. जमिनीत लावले तर तेच रोप पुन्हा मोठे होऊ लागते. त्याला लहान ठेवतात ती मुळांची मर्यादित जागा आणि छाटणी. हेंड्रिक पूर्टर आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये अनेक प्रयोगांचे निष्कर्ष एकत्र करून दाखवले, की कुंडीचे आकारमान दुप्पट केले तर झाडाचे वस्तुमान सरासरी ४३ टक्क्यांनी वाढते. छाटणीचे काम वेगळे. शेंड्यात तयार होणारे ऑक्सिन हे संप्रेरक खालच्या कळ्यांना दाबून ठेवते. शेंडा खुडला की त्या जाग्या होतात आणि झाड घनदाट होते. खत-पाणी वेळेवर मिळणारे झाड यात खंगत नाही. सध्या वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानात असलेला यामाकी कुटुंबाचा पाइन १६२५ पासून जोपासला गेला आहे. १९४५ मध्ये हिरोशिमावर बॉम्ब पडला तेव्हा तो त्या शहरातच होता, आणि आजही हिरवा आहे.

महाराष्ट्रात या कलेचा जम बसला आहे; २०१८ मध्ये पुण्यात प्राजक्ता काळे यांच्या पुढाकाराने ‘बोन्साय नमस्ते’ हे मोठे प्रदर्शन भरले होते. पण पुण्याची हवा वेगळी, तापीखोऱ्याची वेगळी. आपले वेळापत्रक आपणच आखायला हवे. जपानी पुस्तके वसंताच्या तोंडावर कुंडी बदलायला सांगतात. इथे वसंतामागोमाग भट्टी पेटते. त्यामुळे मुळे छाटून माती बदलण्याचे काम मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर करावे. हवेत ओलावा असतो, पानांतून बाष्प कमी जाते आणि उरलेल्या मुळांवर ताण पडत नाही. पहिले झाडही याच दिवसांत आणावे.

आखाजीपासून (अक्षय्य तृतीया) मृगापर्यंतचे दिवस खरे कसोटीचे. या काळात झाडाला सकाळचे ऊन द्यावे, दुपारी शेडनेटची सावली. पण सावली हवी म्हणून त्याला हॉलमधल्या टीपॉयवर नेऊ नये. उघड्यावर भर दुपारी लाखभर लक्स प्रकाश असतो, तर खिडकीपासून दूरच्या कोपऱ्यात जेमतेम काही शे. जपानी घरांतही बोन्साय चार दिवस मांडून पुन्हा अंगणात नेतात. पाणी सकाळ-संध्याकाळ, पण गच्चीवरच्या काळ्या टाकीतले दुपारचे पाणी हाताला चटका देते, ते मुळांना घालू नये. जळगावकरांना ठिबकचे वेड असले, तरी ट्रेमध्ये थेंबाथेंबाने मातीचा एक पट्टाच भिजतो आणि बोअरच्या पाण्यातले क्षार कडेला पांढरे साचतात. खालच्या छिद्रांतून पाणी वाहीपर्यंत झारीनेच घालावे.

फांद्यांना वळण द्यायला तार बांधायची घाई पहिल्या वर्षी नको. बांधलीच, तर ॲल्युमिनियमची बांधावी आणि पावसाळ्यात दर आठवड्याला पाहावी. त्या दिवसांत नांद्रुक झपाट्याने जाडावतो आणि तार सालीत रुतते. ती काढताना उलगडत बसू नये, फांदी मोडते; पक्कडीने वेढ्यावेढ्याला तोडून तुकडे काढावेत.