आधी ब्रेक ऑइल, मग बाकी सगळं

ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा ज्यांचं नेट घाटात जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलण्याच्या ओघात गेलेलं थोडंफार नीट केलंय, बाकी जसंच्या तसं.

प्रश्न सगळ्यांचा एकच असतो. "पहिल्यांदा ट्रॅक डेला चाललोय, ब्रेकवर किती खर्च करू?" उत्तराआधी माझा गाढवपणा सांगतो.

माझ्याकडे पोलो जीटी टीएसआय आहे. म्हणजे नावावर बाबांच्या, हप्ते मी फेडले. कोणी म्हणेल, पोलो कसली रे स्पोर्ट्स कार! मान्य. पण पोर्शेवाल्याचे ब्रेक आणि आपले ब्रेक एकाच कारणाने दगा देतात, त्यामुळे पुढे वाचा.

पुण्याहून कोइम्बतूर साधारण बाराशे किलोमीटर. तिथे चेट्टीपाळयमला करी मोटर स्पीडवे आहे, २.१ किलोमीटरचा छोटा ट्रॅक. जायच्या आधी मी गाडीला भोकं पाडलेल्या डिस्क बसवल्या आणि कॅलिपर लाल रंगवून घेतले. वीसेक हजार गेले. फोटो झकास आले. पाचव्या लॅपला सरळ रस्ता संपताना ब्रेकवर पाय ठेवला आणि पेडल उशीत पाय घातल्यासारखं खाली गेलं. पार तळाला. दोन-तीनदा पंप केलं तेव्हा थोडं वर आलं, गिअर खाली टाकले, तरीही गाडी बाहेरच्या मातीत जाऊनच थांबली. मला काही झालं नाही, गाडीलाही नाही. पण समोर माती होती म्हणून. भिंत असती तर?

आणि हो, आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत रेसिंग आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. ठोकली असती तर खर्च आपला. त्याच गाडीने बाराशे किलोमीटर घरीही यायचं होतं.

तर झालं काय? ब्रेकचं काम म्हणजे वेगाची उष्णता करणं. गाडी आणि मी मिळून साधारण १२०० किलो. ताशी १३० वरून ६० वर आलो की सुमारे ६०० किलोज्यूल उष्णता तयार होते. घरातलं जवळजवळ दोन लिटर पाणी उकळीपर्यंत न्यायला एवढीच लागते. गॅसवर त्याला कितीतरी मिनिटं लागतात, इथे तीनेक सेकंदांत होतं आणि त्यातली बहुतेक पुढच्या दोन चाकांत जाते. पुढच्या लॅपला परत तेच. डिस्कला गार व्हायला वेळच मिळत नाही.

उष्णता डिस्कमधून पॅडमध्ये, पॅडमधून कॅलिपरच्या पिस्टनमध्ये आणि तिथून ब्रेक ऑइलमध्ये जाते. गॅरेजमध्ये ऑइल म्हणतात, पण हे ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव असतं आणि ते हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. तेच ओल शोषलेलं असेल तर मानकातला आकडा १५५ वर येतो. उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून तुमचा पाय बुडबुडे दाबत बसतो आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही.

कोइम्बतूरच्या गॅरेजवाल्याने माझं ऑइल बाटलीत काढून दाखवलं. कोऱ्या चहाचा रंग. चार वर्षं बदललेलंच नव्हतं! दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. चूक सर्वस्वी माझी.

आता हे नीट लक्षात ठेवा. ब्रेक दोन तऱ्हांनी जातात आणि पाय तुम्हाला सांगतो कोणत्या. पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑइल उकळलंय. पेडल दगडासारखं घट्ट आहे, पण गाडी थांबत नाही, तर पॅड त्यांच्या तापमानाच्या पलीकडे गेलेत. हे न ओळखता पैसे घातले की माझ्यासारखे लाल कॅलिपर होतात.

म्हणून माझा क्रम. सगळ्यात आधी ३०० अंशांच्या पुढे उकळणारं रेसिंगचं डॉट ४. बाटली दीड-दोन हजारांच्या आसपास. डॉट ५ नावाचं सिलिकॉनचं वेगळं असतं, ते आपल्या गाडीत घालायचं नाही. उघडलेली बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवायची नाही, ती ओल पिते.

ऑइल मी घरीच बदललं. पार्किंगमध्ये, रात्री, बाबा ड्रायव्हर सीटवर.
"बाबा, दाबा."
"दाबलं."
"धरून ठेवा." मी पान्याने निपल सैल करायचो, जुनं ऑइल नळीतून बाटलीत, परत घट्ट. "हं, सोडा." निपल घट्ट व्हायच्या आधी पेडल सोडलं तर हवा आत येते, एवढंच पाळायचं. वरची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग सोलून निघतो. तिसऱ्या चाकाला बाबांनी विचारलं, "त्या दिवशी नक्की काय झालं होतं?" तोवर मी घरी सांगितलंच नव्हतं. सांगितलं. ते काही बोलले नाहीत. "दाबलंय," एवढंच म्हणाले.

मग पॅड. थेट रेसिंगचे घेऊ नका. ते गार असताना नीट धरत नाहीत, किंचाळतात आणि आपल्याला हायवेने घरी यायचंय. रस्ता आणि ट्रॅक दोन्हीला चालणारे मधले पॅड पुरतात. बसवल्यावर ते डिस्कवर बसवून घ्यावे लागतात. वेगातून बरेच वेळा जोरात ब्रेक, पण पूर्ण न थांबता, आणि मग गार होऊ द्यायचे. हे ट्रॅकच्या पहिल्या सेशनला करा, गावच्या रस्त्यावर नको.

स्टीलच्या जाळीचे पाइप? पेडल जरा घट्ट लागतं, उष्णतेला काही फरक नाही. भोकांच्या डिस्क? ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपाशी तडे जातात. साध्या, हवा खेळणाऱ्या डिस्कच बऱ्या. मोठे कॅलिपर सर्वांत शेवटी, आणि बहुतेकांना लागतच नाहीत.

दुसऱ्या खेपेला चार लॅप जोरात, मग एक लॅप ब्रेकला हात न लावल्यासारखा, असं चालवलं. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, गाडी सपाट जागेवर लावून चाकाला दगड. संध्याकाळी परत निघण्याआधी चाकाच्या फटीतून पॅडची जाडी टॉर्चने बघितली, ऑइलची पातळी बघितली.

बाबांचा फोन आला. लॅप टाइम नाही विचारला. "पेडल कसं होतं?"
"शेवटपर्यंत वर."
"बरं. सावकाश या."