चौकट आहे, दार नाही

नगर-संभाजीनगर रस्त्यावर घोडेगावला आत वळले की काही किलोमीटरवर शनिशिंगणापूर येते. नेवासे तालुक्यातल्या या गावात घरांना चौकटी असतात, पण दारे लावायची नाहीत अशी जुनी परंपरा आहे. चौथऱ्यावर, उघड्या आभाळाखाली शनिदेवाची काळी शिळा उभी आहे. भाविक तिला तेल वाहतात. हे सारे परदेशी पाहुण्याला सांगायचे झाले, तर गावातले शाळकरी पोर काय म्हणेल? ‘द स्टोन इज ब्लॅक.’ ‘द ऑइल स्मेल्स स्ट्राँग.’ ‘द हाउसेस रिमेन ओपन.’

या तिन्ही वाक्यांत कोणीच काही करत नाही. शिळा काही उचलत नाही, तेल काही हुंगत नाही. डावीकडे एक वस्तू आहे, उजवीकडे तिचे वर्णन आहे, आणि मधले क्रियापद दोघांना जोडून ठेवते. इंग्रजी व्याकरणात अशा शब्दाला लिंकिंग व्हर्ब म्हणतात. मराठीत संयोजक क्रियापद म्हणता येईल. त्याचे काम शिंगणापूरच्या चौकटीसारखे आहे. ते अलीकडच्याला पलीकडे जाऊ देते, कोणाला अडवत नाही. ओळखायची खूणही सोपी: क्रियापदाच्या जागी बरोबरचे चिन्ह ठेवून पाहायचे. शिळा = काळी. जमते. ‘भाविक तेल वाहतो’ यात भाविक = तेल असे म्हणता येत नाही, म्हणून ते क्रिया दाखवणारे क्रियापद.

ही कल्पना मराठीला परकी नाही. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचे मराठी व्याकरण 1836 साली आले, मोरो केशव दामल्यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 साली. शाळेत आजही ‘राम राजा झाला’ हे वाक्य शिकवतात. ‘झाला’ अकर्मक आहे, तरी ‘राम झाला’ एवढ्याने अर्थ पुरा होत नाही. तो पुरा करणारा ‘राजा’ म्हणजे विधानपूरक. राम आणि राजा इथे एकच व्यक्ती आहे. इंग्रजीतले ‘बिकम’ नेमके हेच करते. 2011 मध्ये युको बँकेने शिंगणापुरात कुलपाविना शाखा उघडली. ‘बँकेने शाखा उघडली’ ही क्रिया झाली. ‘द ब्रँच बिकेम फेमस’ ही जोडणी.

मग मराठी मुले अडतात कुठे? 2000 सालापासून महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते, तरी दोन चुका वर्षानुवर्षे त्याच दिसतात. त्यांचे मूळ मुलांच्या आळसात नाही, ‘आहे’ या शब्दात आहे.

पहिली गोष्ट अशी की मराठीत ‘आहे’ सहज गळून पडतो. ‘हे माझे घर.’ ‘तो कोण?’ ‘ती हुशार, भाऊ मात्र खोडकर.’ कानाला कुठेही अपुरे वाटत नाही. त्याच सवयीने मूल ‘धिस माय हाउस’ लिहिते, पण इंग्रजी वाक्य ‘इज’शिवाय उभे राहत नाही. दुसरी गोष्ट अशी की हाच ‘आहे’ मालकीही सांगतो. ‘मला दोन भाऊ आहेत’, ‘घराला चौकट आहे’. इथे इंग्रजीला ‘हॅव’ लागते, आणि ते संयोजक नाही, कारण घर म्हणजे चौकट नव्हे. ‘शिळा काळी आहे’ आणि ‘घराला चौकट आहे’ ही दोन वाक्ये फळ्यावर शेजारी लिहून बरोबरच्या चिन्हाची कसोटी लावली, तर ‘इज’ आणि ‘हॅज’ यांतला गोंधळ पुष्कळसा सुटतो.

खरी गंमत पुढे आहे. लुक, स्मेल, टेस्ट, फील, साउंड ही इंग्रजी क्रियापदे दुहेरी कामे करतात. ‘शी टेस्ट्स द मिल्क’ मध्ये ती दूध चाखते. ‘द मिल्क टेस्ट्स स्वीट’ मध्ये दूध गोड लागते. इंग्रजीत शब्द एकच आहे. मराठीने मात्र दोन कामांसाठी दोन शब्द कधीच वेगळे काढून ठेवले आहेत: पाहणे आणि दिसणे, चाखणे आणि लागणे, हुंगणे आणि वास येणे. म्हणजे मराठी मुलाजवळ किल्ली आधीपासूनच आहे. वाक्य मनात मराठीत म्हणावे. ‘दिसते’, ‘लागते’, ‘वाटते’ असे आले, तर इंग्रजी क्रियापद बहुधा जोडणारे आहे आणि त्याच्यापुढे विशेषण हवे. म्हणून ‘शी लुक्स ब्यूटिफुल’, ‘ब्यूटिफुली’ नाही.

इथे मराठीची एक खोड मात्र सांभाळावी लागते. ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला गातो’ यांत चांगली-चांगला हे शब्द गाण्याची रीत सांगतात, तरी बाई-बुवांप्रमाणे रूप बदलतात. ते दिसतात विशेषणासारखे, म्हणून मूल ‘शी सिंग्ज गुड’ म्हणते. गाणे ही क्रिया आहे. तिथे ‘वेल’ हवे. ‘ती चांगली आहे’ यात मात्र ‘गुड’च.

आणि ज्या ‘बी’ क्रियापदाच्या ‘ॲम, इज, वॉज’ अशा विस्कळीत रूपांनी मुले हैराण होतात, ते मुळात एक नाहीच. विल्यम जोन्स यांनी 1786 मध्ये कोलकात्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे नाते मांडले. पुढच्या अभ्यासकांनी इंग्रजीचीही मुळे त्याच कुळात शोधली. ‘ॲम’ आणि ‘इज’ हे संस्कृतातल्या ‘अस्मि’ आणि ‘अस्ति’चे भाऊबंद. ‘बी’ हा ‘भू’चा, त्याच ‘भवति’पासून प्राकृतातून आपले ‘होणे’ आले. आणि ‘वॉज’ हा ‘वस्’चा, म्हणजे राहणे, मुक्काम करणे. वस्ती, निवास, रहिवासी हे शब्द त्याच घरातले.

शिंगणापूरचे तालुक्याचे गाव नेवासे. शके 1212 मध्ये, म्हणजे 1290 साली, ज्ञानेश्वरांनी ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात, तो पैस खांब इथलाच. या गावाचे जुने नाव निधिवास असे सांगतात. ‘नेवासा वॉज निधिवास’ असे वाक्य तिथल्या एखाद्या मुलाने वहीत लिहिले, तर डावीकडे ‘वस्’, उजवीकडे ‘वस्’, आणि दोघांना जोडणारे इंग्रजी क्रियापदही त्याच कुळातले.