गडद हिरवी भिंत, लोणावळ्याच्या पावसात

लोणावळ्यात वर्षाला ४,००० मिमीच्या आसपास पाऊस कोसळतो. इथे छटा निवडण्याआधी भिंतीची ओल तपासा. ओल मुरलेली असेल तर लोणा, म्हणजे क्षारांचा पांढरा थर, फुटतो. पांढऱ्या भिंतीवर तो लपतो, गडद हिरव्यावर लांबूनही डोळ्यांत भरतो. त्यामुळे इथे रंगाचं काम भिंत सुकल्यावर, दिवाळीनंतरच काढावं. गडद छटेत टिटॅनियमचा पांढरा कमी असल्याने कव्हरेज कमी मिळतं. खाली राखाडी प्रायमर दिला तर एक हात वाचतो.

ओल आणि हिरवा रंग यांचं वैर जुनं आहे. १७७५मध्ये कार्ल शील यांनी बनवलेल्या हिरव्या रंगात आर्सेनिक होतं. युरोपात तो वॉलपेपरवर वापरत आणि ओलसर भिंतीवरची बुरशी त्यातून विषारी वायू सोडे. आजचा हिरवा बहुधा थॅलोसायनिनचा, आर्सेनिकमुक्त. कपाट मात्र भिंतीपासून चार बोटं दूर ठेवा. पावसाळ्यात बुरशी आधी त्याच्यामागेच धरते.