हौसेच्या कॅसेटवरचा ‘डॉक्टर’
परवानगीवाचून जन्मलेल्या विज्ञान-श्रुतिकांची ब्रिटनमधली कहाणी

श्रुतिकेला नेपथ्य लागत नाही, वेशभूषा लागत नाही, प्रकाशयोजनाही लागत नाही. मंगळावरचे धुळीचे वादळ असो वा मोडकळीस आलेले अवकाशयान असो, श्रोत्याच्या कल्पनेत ते विनाखर्च उभे राहते. त्यामुळे विज्ञानकथेवर लोभ जडलेल्या हौशी मंडळींना चित्रपटापेक्षा श्रुतिका करणे सोपे वाटते. प्रत्यक्षात मात्र या वाटेवर दोन मोठे अडसर असतात. पहिला तंत्राचा, दुसरा मालकीहक्काचा. पहिला मेहनतीने दूर करता येतो. दुसऱ्यापुढे मेहनतीचे काही चालत नाही.

ब्रिटनमधील ‘ऑडिओ व्हिज्युअल्स’ या हौशी उपक्रमाची कहाणी हेच सांगते. १९८४ मध्ये ‘डॉक्टर हू’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या काही तरुण चाहत्यांनी या मालिकेच्या नव्या कथा स्वतः रचून, स्वतःच्याच आवाजात ध्वनिमुद्रित करण्यास सुरुवात केली. गॅरी रसेल आणि बिल बॅग्ज हे त्यातले पुढाकार घेणारे. पहिल्या श्रुतिकेनंतर प्रमुख भूमिकेतला नट बदलला आणि ‘डॉक्टर’ची भूमिका निकोलस ब्रिग्ज या तरुणाकडे आली. १९९१ पर्यंत चार मालिकांमधून पंचवीसहून अधिक श्रुतिका या मंडळींनी कॅसेटवर आणल्या. लेखन होते, नट होते, ऐकणारेही होते. नव्हती ती फक्त परवानगी. ‘डॉक्टर हू’ ही मालिका बीबीसीची होती आणि या मंडळींचा बीबीसीशी कोणताही करार नव्हता.

टेपरेकॉर्डरने राखलेला वारसा

‘डॉक्टर हू’ची पहिली कडी २३ नोव्हेंबर १९६३ रोजी प्रक्षेपित झाली. काळ आणि अवकाश यांतून निळ्या पोलीसपेटीत बसून हिंडणारा, मरणाच्या दारी नवे रूप धारण करणारा ‘डॉक्टर’ हा तिचा नायक. नायकाचा चेहराच बदलू शकतो, या कल्पनेमुळे एकामागून एक नट ही भूमिका करीत राहिले आणि मालिका चालू राहिली. ‘मग या परंपरेत आपलाही एक डॉक्टर का असू नये,’ असे चाहत्यांना वाटण्याची सोय मालिकेच्या मूळ रचनेतच होती.

या चाहत्यांचे ध्वनिफितीशी असलेले नाते मात्र त्याहून जुने आहे. साठच्या दशकात घरोघरी व्हिडिओ नव्हते. मालिकेची कडी एकदा प्रक्षेपित झाली की प्रेक्षकाच्या दृष्टीने ती संपली. काही मुले दूरचित्रवाणी संचासमोर टेपरेकॉर्डर ठेवून कडीचा निदान आवाज तरी टिपून घेत. पुढे बीबीसीने जागेच्या आणि पैशाच्या हिशेबाने साठच्या दशकातील अनेक कड्यांच्या चित्रफिती पुसून टाकल्या. जवळपास शंभर कड्यांची चित्रे अशी नाहीशी झाली. त्या सर्व कड्यांचा आवाज मात्र आज उपलब्ध आहे आणि तो या हौशी ध्वनिमुद्रणांमुळेच. बीबीसीने पुढे हेच आवाज सीडीच्या रूपात अधिकृतपणे विकले. परवानगी न घेता केलेल्या उद्योगाने मालकाचीच ठेव वाचवली, असा हा प्रकार होता.

घरगुती कारखाना

नवी श्रुतिका रचणे हे मात्र नुसत्या टिपून घेण्यापेक्षा कितीतरी अवघड काम होते. ऐंशीच्या दशकात संगणकावर ध्वनिसंकलन करण्याची सोय घरगुती हौशींच्या आवाक्यात नव्हती. संवाद, पार्श्वसंगीत आणि ध्वनिपरिणाम वेगवेगळ्या फितींवर घेऊन ते एकत्र उतरवावे लागत. चुंबकीय फितीचा स्वभाव असा की, एका फितीवरून दुसरीवर आवाज उतरवला की मूळ आवाजात थोडी खरखर मिसळते. दुसऱ्यांदा उतरवला की ती वाढते. संवादावर पावलांचा आवाज, त्यावर यंत्राची घरघर, त्यावर संगीत असे थर चढवता चढवता नटाचा आवाज धुक्यात हरवल्यासारखा होई. वर, तयार फितीवरून विक्रीच्या कॅसेट काढायच्या म्हणजे आणखी एक पिढी वाढायची. व्यावसायिक स्टुडिओतही ही अडचण असतेच, पण तिथे यंत्रसामग्री उत्तम असते. हौशी मंडळींना ती कसर वेळ खर्ची घालून भरून काढावी लागे.

आवाजाची ओळख हा दुसरा प्रश्न. ‘डॉक्टर हू’मधील ‘डालेक’ हे यांत्रिक शत्रू श्रोत्याला एका वाक्यात ओळखता आले पाहिजेत. त्यांचा तो कापरा, धातूसारखा आवाज ‘रिंग मॉड्युलेटर’ या साधनातून येतो. नटाचा आवाज सेकंदाला सुमारे तीस आंदोलने असलेल्या एका खर्ज स्वराशी गुणला जातो. त्यातून मूळ स्वर वजा होऊन त्याच्या वरच्या आणि खालच्या कंपनसंख्यांचे मिश्रण तेवढे उरते. कानाला ते माणसाचेही वाटत नाही आणि निव्वळ यंत्राचेही वाटत नाही. साधन मिळाले तरी अर्धेच काम होते, कारण क्रोध, भय, अधिकार हे सारे त्या कापऱ्या आवाजातूनही पोहोचवायचे तर नटाला निराळ्या पद्धतीने बोलावे लागते. ब्रिग्ज यांनी ही कला या हौशी काळापासून घोटली.

तिसरी अडचण लेखनाची. दूरचित्रवाणीची सवय झालेला लेखक श्रुतिका लिहू लागला की त्याची पात्रे एकमेकांना डोळ्यांसमोरच्या गोष्टींचे वर्णन ऐकवू लागतात. ‘तुझ्या हातात बंदूक आहे’ असे कोणी खऱ्या संकटात म्हणत नाही. दार, बोगदा, प्राणी, जखम हे सारे श्रोत्याला कळले पाहिजे आणि तरीही ते सांगितल्यासारखे वाटता कामा नये. नभोनाट्याच्या लेखकांना हे जुनेच शास्त्र आहे. या तरुणांना ते चुकत-माकत शिकावे लागले. दरम्यान मायकेल विशर यांच्यासारखा, १९७५ मध्ये ‘डॅव्हरॉस’ हा खलनायक प्रथम साकारणारा व्यावसायिक नटही त्यांच्या श्रुतिकांत काम करून गेला.

मालकी नेमकी कोणाची?

तांत्रिक सफाई आली तरी मूळ प्रश्न तसाच होता. या श्रुतिका नफ्यासाठी नव्हत्या आणि त्या चाहत्यांच्या वर्तुळातच फिरत होत्या. बीबीसीने त्यांच्याकडे काणाडोळा केला. पण काणाडोळा म्हणजे परवानगी नव्हे. ज्या दिवशी मालक मनावर घेईल, त्या दिवशी सात वर्षांचे काम गुंडाळावे लागेल, ही टांगती तलवार होतीच. कष्ट स्वतःचे, पात्र दुसऱ्याचे, अशी स्थिती असल्याने ते काम उघडपणे विकता येत नव्हते आणि त्यावर पोटही भरता येत नव्हते.

‘डॉक्टर हू’च्या बाबतीत मालकीची गुंतागुंत अधिकच होती. मालिका बीबीसीची असली तरी बाहेरून येणाऱ्या लेखकांनी निर्माण केलेल्या अनेक राक्षसांचे आणि पात्रांचे हक्क त्या लेखकांकडेच राहात. डालेकांचे हक्क लेखक टेरी नेशन यांच्याकडेही होते. म्हणजे ‘डॉक्टर’साठी एकाची परवानगी आणि त्याच्या शत्रूसाठी दुसऱ्याची. ही केवळ हौशी मंडळींची अडचण नव्हती. २००४ मध्ये मालिका नव्याने सुरू करताना खुद्द बीबीसीची नेशन यांच्या वारसांशी बोलणी फिसकटली होती. नंतर तडजोड झाली, म्हणून डालेक पडद्यावर परतले.

याच गुंतागुंतीत काहींना वाट सापडली. लेखकाकडून त्याच्या पात्राची रीतसर परवानगी घ्यायची आणि ‘डॉक्टर’ला कथेबाहेर ठेवायचे, ही ती वाट. १९९५ मधील ‘डाउनटाइम’ हा व्हिडिओपट असाच तयार झाला. त्यात ‘यती’ हे जुने शत्रू आहेत, पण डॉक्टर नाही. बिल बॅग्ज यांनी ‘बीबीव्ही’ या नावाखाली दुसरा मार्ग धरला. डॉक्टरची भूमिका केलेल्या कॉलिन बेकर यांना घेऊन त्यांनी ‘स्ट्रेंजर’ नावाच्या नव्या नायकाचे व्हिडिओपट काढले. पुढे १९९८ मध्ये त्यांनी सिल्व्हेस्टर मॅकॉय आणि सोफी आल्ड्रेड यांना घेऊन ‘प्रोफेसर’ आणि ‘एस’ अशा पात्रांच्या श्रुतिका सुरू केल्या. मालिकेतील जोडीशी हे साम्य फारच उघड होते. बीबीसीने आक्षेप घेतल्यावर पात्रांची नावे बदलावी लागली. पळवाट किती रुंद असते, हे मालकच ठरवतो, याचा हा धडा होता.

आडवाटेवरून राजमार्गावर

बीबीसीने १९८९ मध्ये मालिका थांबवली. १९९६ मधील एका चित्रपटाचा अपवाद वगळता पुढची सोळा वर्षे पडद्यावर नवा ‘डॉक्टर’ नव्हता. हौशी मंडळींपैकी अनेक जण या काळात व्यवसायात स्थिरावले. रसेल हे मालिकेच्या अधिकृत मासिकाचे संपादक झाले. जेसन हे-एलरी यांनी ‘बिग फिनिश’ ही कंपनी काढली आणि ‘डॉक्टर हू’च्या श्रुतिकांसाठी बीबीसीकडे परवाना मागितला. तो सुरुवातीला मिळाला नाही.

तेव्हा या कंपनीने वेगळा विचार केला. लेखक पॉल कॉर्नेल यांनी ‘डॉक्टर हू’च्या कादंबऱ्यांसाठी निर्मिलेली ‘बर्निस समरफील्ड’ ही पुरातत्त्वज्ञ नायिका त्यांनी कॉर्नेल यांच्या परवानगीने घेतली आणि १९९८ मध्ये तिच्या श्रुतिका बाजारात आणल्या. त्यांचा दर्जा पाहिल्यावर बीबीसीचे दार उघडले. जुलै १९९९ मध्ये ‘द सायरन्स ऑफ टाइम’ ही पहिली अधिकृत श्रुतिका आली. पडद्यावर डॉक्टर साकारलेले तीन नट तिच्यात होते. लेखन आणि दिग्दर्शन निकोलस ब्रिग्ज यांचे, तर या श्रुतिकामालेची निर्मिती गॅरी रसेल यांची. हौशी काळातले सहकारी ॲलिस्टर लॉक यांनी सुरुवातीच्या अनेक श्रुतिकांचे ध्वनिसंयोजन केले.

इतकेच नव्हे, तर जुन्या कॅसेटवरच्या काही कथाही नव्याने जन्मल्या. ‘द म्यूटंट फेज’ ही २००० मध्ये, तर ‘सोर्ड ऑफ ओरायन’ आणि ‘मिन्युएट इन हेल’ या २००१ मध्ये खऱ्याखुऱ्या डॉक्टरांच्या आवाजात अधिकृतपणे प्रसिद्ध झाल्या. २००५ मध्ये मालिका दूरचित्रवाणीवर परतली, तेव्हा डालेकांचा आवाज म्हणून बीबीसीने ब्रिग्ज यांनाच बोलावले. त्या वर्षीची ‘डालेक’ ही गाजलेली कडी रॉबर्ट शिअरमन यांनी २००३ मधील स्वतःच्याच ‘ज्युबिली’ या श्रुतिकेच्या आधारे लिहिली होती. ज्यांनी विनापरवाना सुरुवात केली, त्यांच्याच हाती अखेर घराची किल्ली आली.

प्रत्येकाचे नशीब असे नसते

ही कहाणी सुखान्त असली तरी तिच्यावरून सर्वसाधारण नियम काढणे धोक्याचे ठरेल. अमेरिकेतील ‘ॲक्सनार’ प्रकरण त्याची साक्ष देते. ‘स्टार ट्रेक’च्या विश्वावर बेतलेला हा हौशी चित्रपट. त्याच्यासाठी चाहत्यांकडून दहा लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमली. डिसेंबर २०१५ मध्ये पॅरामाउंट आणि सीबीएस या कंपन्यांनी निर्मात्यांवर कॉपीराइटभंगाचा दावा लावला. ‘रास्त वापर’ हा बचाव येथे लागू होत नाही, असे न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ठरवले. त्याच महिन्यात तडजोड होऊन पूर्ण लांबीच्या चित्रपटाऐवजी पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन भागांवर निर्मात्यांना समाधान मानावे लागले.

दावा चालू असतानाच, जून २०१६ मध्ये, या कंपन्यांनी हौशी चित्रपटांसाठी नियमावली जाहीर केली. एक भाग पंधरा मिनिटांचा, एका कथेचे फार तर दोन भाग, वर्गणी पन्नास हजार डॉलरपर्यंत, काम करणाऱ्या कोणालाही मोबदला नाही, अशा त्यातील अटी आहेत. अटी जाचक वाटतात, पण त्यांतून एक गोष्ट स्पष्ट होते. चाहत्याच्या प्रेमाला मालकाचा विरोध नसतो. त्या प्रेमाभोवती पैसा आणि व्यावसायिक डौल जमू लागला की तो सावध होतो. कॅसेटवरची मंडळी बचावली, त्यात त्यांच्या लहानपणाचाही वाटा होता.

आपल्याकडील हौशींसाठी

आपल्याकडे आकाशवाणीवरील श्रुतिकांची आणि पदरमोड करून नाटके बसवणाऱ्या हौशी रंगकर्मींची परंपरा मोठी आहे. आज भ्रमणध्वनी आणि एक बरा मायक्रोफोन एवढ्यावर घरबसल्या विज्ञान-श्रुतिका करता येते. तंत्राचा अडसर जवळपास संपला आहे. दुसरा मात्र कायम आहे. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार साहित्यकृतीचे हक्क लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे राहतात आणि कथेचे नाट्यरूपांतर करण्याचा हक्क त्यांत येतो. ‘आम्ही पैसे घेणार नाही’ एवढे म्हटल्याने तो हक्क आपल्याकडे येत नाही.

एच. जी. वेल्स यांचे निधन १९४६ मधले, ज्यूल व्हर्न यांचे १९०५ मधले. त्यांच्या मूळ कथा भारतात सर्वांना खुल्या आहेत. मात्र व्हर्नच्या कथा मराठी मुलांपर्यंत पोहोचवणाऱ्या भा. रा. भागवत यांचे निधन २००१ मध्ये झाले. म्हणजे मूळ कथा मोकळी असली तरी भागवतांची मराठी वाक्ये मोकळी नाहीत. ती वापरायची तर हक्कधारकांना विचारायला हवे, अन्यथा मूळ पुस्तकावरून स्वतःचे मराठी रूपांतर करायला हवे.

हौसेला मोल नसते, असे आपण म्हणतो. ब्रिटनमधील त्या तरुणांनी सात वर्षे हौस केली, ती बाजारात विकण्याजोगी नव्हती. त्या वर्षांत त्यांनी कमावला तो हात, कान आणि आवाज. परवाना पुढे मिळाला, तेव्हा तो वापरण्याची तयारी त्यांच्यापाशी होती. आणि पहिली पायरी, बर्निसची, त्यांनी एका लेखकाला विचारून चढली होती.