चालण्याने खाल्लेले फिटत नाही, तरीही चालायलाच हवे

वजन कमी करू पाहणाऱ्या अनेकांची एक समजूत पक्की असते: जास्त खाल्ले तर जास्त चालायचे, की झाली फिट्टंफाट. ही समजूत साध्या गणितातच टिकत नाही. 70 किलो वजनाची व्यक्ती ताशी 5 किलोमीटर वेगाने तासभर चालली, तर सुमारे 250 कॅलरी खर्च होतात. त्यातल्या 70 तर ती घरी बसून राहिली असती तरी लागल्याच असत्या. म्हणजे चालण्याची खरी कमाई 180 च्या आसपास. आता उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. 50 ग्रॅम कोरडा साबुदाणा, 20 ग्रॅम दाण्याचे कूट, दोन छोटे चमचे तूप आणि बटाट्याच्या चार फोडी एवढ्यातच एका बशीत 400 कॅलरी होतात. उपासाचे म्हणून हलके वाटणारे हे खाणे दोन तासांच्या चालण्यालाही भारी पडते.

'मी मोजूनमापून खातो, भरपूर चालतो, तरी काटा हलत नाही' ही तक्रार खोटेपणाने केलेली नसते, पण अंदाज फसतात. अशीच तक्रार असलेल्या लोकांचा न्यूयॉर्कमध्ये अभ्यास झाला आणि तो 1992 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सांगितलेले खाणे प्रत्यक्षापेक्षा सरासरी 47 टक्के कमी होते, तर हालचाल 51 टक्के जास्त सांगितली गेली होती. शिवाय शरीरही खर्चाची काटकसर करते. टांझानियातले हाड्झा लोक शिकार करून आणि कंदमुळे गोळा करून जगतात, रोज मैलोन्‌मैल चालतात. हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये दाखवले, की शरीराचे आकारमान लक्षात घेतले तर त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च पाश्चात्त्य शहरी माणसांइतकाच आहे. हालचाल वाढली की शरीर इतर कामांवरचा खर्च आवरते, असे पाँट्झर यांचे म्हणणे आहे. ही काटकसर नेमकी किती, यावर मतभेद आहेत. पण व्यायामाच्या यंत्रावरचा आकडा जसाच्या तसा वजनातून वजा होत नाही, हे निश्चित.

मग व्यायाम करायचाच कशाला, असे कोणी विचारील. उत्तर असे, की व्यायामाचे काम वेगळे आहे. नुसते खाणे कमी केले तर चरबीबरोबर स्नायूही झडतात. वजने उचलण्यासारखा ताकदीचा व्यायाम आणि पुरेशी प्रथिने यांनी ती झीज आटोक्यात राहते. किमान 13.6 किलो वजन उतरवून ते वर्षभर तरी टिकवलेल्या लोकांची अमेरिकेत 1994 पासून नोंद ठेवली जाते. त्यातले बहुतेक जण रोज सुमारे तासभर व्यायाम करत असल्याचे सांगतात. व्यायामामुळेच वजन टिकले असे यावरून सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. आणि काटा हलला नाही तरी रक्तदाब, रक्तातील साखर, झोप यांना होणारा फायदा खराच असतो.

मग ताटच निम्मे करून टाकावे का? तेही नाही. मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 निरोगी तरुणांना सहा महिने जवळपास निम्म्या आहारावर ठेवले. त्यांचे वजन सुमारे चतुर्थांशाने घटले. पण सोबत ग्लानी आली, चिडचिड वाढली, मनात सतत अन्नाचेच विचार घोळू लागले आणि विश्रांतीतला ऊर्जाखर्चही घसरला. एक किलो चरबीत साधारण 7,700 कॅलरी असतात. त्यामुळे रोज 500 कॅलरींची तूट ठेवली, तर सुरुवातीला आठवड्याला अर्धा किलो उतरणे हा रास्त वेग आहे. पुढे शरीर हलके होते, त्याची गरज घटते आणि वेग मंदावतो. ते अपयश नव्हे. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो गेले, तर त्यात बहुतांश पाणी असते.

म्हणून तूट ताटातून काढा: तेल, तूप, साखर, फरसाण मोजून घ्या, डाळी-उसळी आणि भाज्या वाढवा. आठवड्याला किमान 150 मिनिटे भरभर चाला, दोन दिवस ताकदीचा व्यायाम करा आणि व्यायाम झाला म्हणून जास्तीचा घास घेऊ नका. मधुमेहाची औषधे चालू असतील किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय आहार कमी करू नका.