वर डबकं, खाली कोरडी बोअर

धाराशिव जिल्हा म्हटलं की टँकर, चारा छावणी आणि सहाशे फुटांवर गेलेली बोअर हेच आधी आठवतं. या जिल्ह्यातल्या शेतीचं निम्मं दुखणं पाण्याच्या निचऱ्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर ऐकणारा थट्टाच समजेल. पण भाद्रपदात चार दिवस झड लागली की तेरणा किंवा मांजरेच्या काठच्या शिवारात जाऊन बघावं. सोयाबीनच्या ओळींत पाणी थांबलेलं, खालची पानं पिवळी, पाय घातला तर नडगीपर्यंत चिखल. आणि त्याच शेताच्या कोपऱ्यातली बोअर मात्र गुळण्या मारत असते. वर पाणी तुंबलेलं आणि खाली पाणी नाही, या दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. त्या एकत्र कशा नांदतात हे कळलं की आपल्या भारी जमिनीबद्दलचे बहुतेक गैरसमज आपोआप गळून पडतात.

बालाघाटच्या रांगेमुळे जिल्ह्याचं पाणी दोन बाजूंना वाटलं गेलंय. मांजरा, तेरणा गोदावरीकडे. सीना, बोरी भीमेकडे. माथ्यावर मुरमाड, हलकी, हातभर खोलीची जमीन आणि खोऱ्यांत उतरलं की काळीभोर, पुरुषभर खोल. दोन्ही एकाच दगडाच्या लेकी. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट झिजला, कुजला, आणि त्यातून स्मेक्टाइट नावाचं चिकणमातीचं खनिज तयार झालं. काळ्या मातीचे सगळे गुण-अवगुण या स्मेक्टाइटचे. त्याचे कण पापडांच्या चवडीसारखे थरांवर थर रचलेले असतात. पाणी त्या थरांच्या मध्ये शिरतं आणि चवड फुगते, सुकली की आकसते. भारी जमिनीत अशा बारीक चिकणकणांचं प्रमाण निम्म्याच्या घरात, कधी साठ टक्क्यांवरही जातं.

गैरसमज: काळी माती म्हणजे कस भरपूर

काळा रंग बघून आपण सेंद्रिय खताची कल्पना करतो. प्रत्यक्षात माती परीक्षणाच्या कागदावर सेंद्रिय कर्बाचा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आसपास, बहुधा त्याखालीच असतो. थोडासाच सेंद्रिय अंश स्मेक्टाइटला घट्ट चिकटून बसतो आणि सगळी माती काळी दिसते. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅश धरून ठेवण्याची ताकद तिच्यात मोठी आहे, हे खरं. पण नत्राच्या बाबतीत ती गरीब. बांधावरच्या चर्चेत ‘आपली काळी आहे, तिला काय लागतंय’ हे वाक्य ऐकलं की मला त्या कागदाची आठवण येते.

गैरसमज: शेतात पाणी साचलंय म्हणजे ते खाली मुरतंय

सगळ्यात महाग पडणारा गैरसमज हाच आहे, म्हणून जरा सावकाश बघू.

मे महिन्यात भारी जमिनीला दोन-दोन बोटं रुंद भेगा पडतात, काही कमरेइतक्या खोल जातात. मृगाचा पाऊस या भेगांतून सरळ खाली उतरतो. तेव्हा ही जमीन अधाशासारखी पाणी पिते. मग माती फुगते, भेगा मिटतात, आणि एकदा का वरचा हात-दोन हात थर पूर्ण भिजला की पाणी मुरण्याचा वेग तासाला एका मिलिमीटरच्याही खाली येतो. धरून चाला, अर्धा मिलिमीटर. म्हणजे दिवसरात्र मिळून १२ मिलिमीटर. उत्तरा नक्षत्रात एका संध्याकाळी ६० मिलिमीटर कोसळला, तर तेवढं पाणी नुसतं आत जायलाच पाच दिवस हवेत, आणि त्या पाच दिवसांत पुन्हा पाऊस नको. जमीन सपाट असेल, बांध चारी बाजूंनी उंच असतील, तर पाण्याने जायचं कुठे?

म्हणजे हे पाणी खालून वर आलेलं नाही, वरून पडून वरच अडकलंय. विहिरीची पातळी तीस फुटांवर असताना वरच्या दीड फुटात मुळं गुदमरू शकतात. जे पाणी आत शिरतं तेही बोअरपर्यंत फारसं जात नाही. माती ते धरून ठेवते, मग पीक पितं किंवा उन्हाने उडतं. भूजलात भर पडते ती मुख्यतः माथ्यावरच्या मुरमाड जमिनीतून, ओढ्या-नाल्यांतून आणि बेसॉल्टच्या भेगांतून. पाझर तलाव कुठे घ्यायचा याचं उत्तर यातच आहे. खोल काळ्या चिकण मातीवर घेतला तर तो साठवण तलाव होतो, पाझर नावापुरता.

धरून ठेवण्याचीही एक गोम आहे. भारी मातीत शंभर किलोमागे वीसेक किलो पाणी शिल्लक असतानाही पीक सुकू शकतं, कारण ते पाणी चिकणकणांनी इतकं घट्ट आवळलेलं असतं की मुळांना ओढून घेता येत नाही. मूठभर माती हाताला ओलसर लागते आणि ज्वारी मात्र माना टाकते, ती यामुळे. तरीही हीच माती परतीच्या पावसाची ओल पोटात ठेवून मालदांडीचं पीक एकाही पाण्याशिवाय घरात आणते. तिचा तो गुण नाकारण्यात अर्थ नाही. आपण चुकतो ते त्याच जमिनीवर खरिपात सपाट वाफ्यात सोयाबीन पेरताना. पूर्वी खोल काळ्या रानांत खरिपाला जमीन पडीक ठेवून नुसती कुळवत राहायचे आणि रब्बीत ज्वारी घ्यायचे. त्यामागे आळस नव्हता. खरिपात ही जमीन चिखल होते, घातीवर येत नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

निचरा खराब आहे की नाही हे मातीच्या रंगावरूनही कळत नाही. इतर ठिकाणच्या चिकण जमिनीत पाणी साचून राहिलं की करडे-तांबूस डाग दिसतात. आपल्या मातीच्या काळ्या रंगात ते बहुधा लपून जातात. त्यापेक्षा पावसाळ्यात दोन फुटांचा खड्डा घ्यावा. बाजूच्या भिंतीतून माती फोडली की तिरकस, पॉलिश केल्यासारखे चकचकीत पृष्ठभाग हाती लागतात. फुगणाऱ्या मातीचे थर एकमेकांवर घासून ते तयार होतात. खड्डा पाण्याने भरावा आणि दुसऱ्या दिवशी बघावं. पाणी जवळपास तेवढंच असेल, तर परीक्षा झाली. ओल्या मातीचा गोळा अंगठा आणि बोटात दाबत फीत काढली आणि ती दोन इंचांपर्यंत न तुटता लोंबली, तर चिकणपणाबद्दलही शंका नको.

गैरसमज: पीक पिवळं पडलं, युरिया टाका

तुंबलेल्या जमिनीत मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि मुळांना हवा मिळत नाही. सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र धरायचं काम थांबवतात. शिवाय हवा नसलेल्या मातीत जिवाणू नायट्रेटचं रूपांतर वायूत करतात आणि तो उडून जातो. अशा चिखलात फेकलेल्या युरियाचा मोठा वाटा पिकाला न मिळताच वाया जातो. आधी पाणी काढायचं, वाफसा आला की मग खताचा विचार. तुरीचं तर विचारूच नका. दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिली की मर लागायला निमित्तच मिळतं.

गैरसमज: वाळू, जिप्सम नाहीतर तलावातला गाळ टाकला की झालं

वाळूची कल्पना बहुधा कुंभारवाड्यातून आली असावी. नुसत्या चिकण मातीचं मडकं वाळताना तडकतं, म्हणून कुंभार तिच्यात राख, लीद मिसळतो. संत गोरोबाकाका कुंभारांच्या तेरमध्ये हे कुणाला सांगायला नको. पण परातभर माती वेगळी आणि एकरभर रान वेगळं. एक एकरावर फक्त चार इंचांचा थर द्यायचा तरी सुमारे ४०० घनमीटर वाळू लागते, म्हणजे सहाशे टनांच्या घरात, दहा टनी टिपरच्या साठ खेपा. एवढं करूनही खालचा थर तसाच राहतो. त्यापेक्षा कमी वाळूने निचरा सुधारत नाही. चिकणकण वाळूच्या दाण्यांमधली जागा भरून टाकतात.

जिप्समचा उपयोग आहे, पण चोपण जमिनीत. चोपण म्हणजे जिच्यात सोडियम जास्त झालाय आणि सामू साडेआठच्या वर गेलाय ती. तिथे जिप्सममधला कॅल्शियम सोडियमला हुसकावून लावतो, पण तो सोडियम पाण्याबरोबर वाहून जायला वाट लागते, म्हणजे निचरा आधी हवाच. नुसत्या चिबड, म्हणजे पाणी तुंबणाऱ्या जमिनीत, जिच्यात चुनखडीचे खडे आधीच भरलेत, जिप्समची पोती ओतणं म्हणजे पैसे मातीत घालणं. आधी माती परीक्षण, मग पोतं.

गाळाचं सांगायला जरा अवघड वाटतं, कारण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही २०१७ ची योजना मुळात शहाणपणाची आहे. माथ्यावरच्या मुरमाड, वीतभर जमिनीवर तलावातला गाळ म्हणजे सोनं. पण फुकट मिळतोय म्हणून आधीच पुरुषभर खोल काळ्या रानात शंभर ट्रॉल्या ओतल्या, तर चिकणात चिकणच वाढतं आणि निचरा होता त्याहून बिघडतो. सप्टेंबर २०२५ च्या पुरात परंडा, भूम भागात नदीकाठची माती खरवडून गेली. तिथे गाळ हवाच. तो कुठे टाकायचा हे फावड्याने दोन फूट उकरून ठरवावं.

नांगरटीबद्दल थोडक्यात. खोल नांगरटीने वरचं रान मोकळं होतं, पण घात नसताना, ओल्यात ट्रॅक्टर घातला की फाळाखाली कडक थर बसतो. रोटाव्हेटरने तर तो आणखी वर येतो. दरवर्षी त्याच खोलीवर तेच औत चालवलं की पाणी अडवायला जमिनीत दुसरा बांध तयार होतो, आडवा.

गैरसमज: भेगा म्हणजे जमीन मेली

भेगांतूनच हवा आत जाते आणि पहिला पाऊस खोलवर पोचतो. वरचे कण भेगांत पडून माती स्वतःला उलटीपालटी करत राहते. उभ्या रब्बी पिकात मात्र भेगा ओल उडवतात आणि मुळं तोडतात, म्हणून ज्वारीत कोळपं चालवून त्या बुजवायच्या. घराला त्या जास्त त्रास देतात. लोहारा-उमरग्याकडे ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाची धास्ती अजून गेलेली नाही, त्यामुळे भिंतीला तडा दिसला की जीव घाबरतो. पण दर उन्हाळ्यात रुंदावणारी आणि पावसाळ्यात मिटणारी चीर बहुतेक वेळा पायाखालच्या काळ्या मातीची असते.

गैरसमज: परदेशात पाइप गाडतात, आपणही गाडू

अमेरिकेत नॉर्थ डकोटा आणि मिनेसोटा या राज्यांच्या सीमेवर फार्गो शहराच्या आसपास अशीच काळी, भेगाळणारी, स्मेक्टाइटची माती आहे. ती लाव्ह्याची नाही. हिमयुगाच्या शेवटी बर्फ वितळून तयार झालेल्या अगासीझ या अफाट सरोवराच्या तळाचा तो गाळ. सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी सरोवर आटलं, मागे टेबलासारखं सपाट मैदान उरलं. तिथेही पाणी वरच अडकतं. पण तिथल्या शेतकऱ्याला वसंतात बर्फ वितळल्यावरचा ओलावा लवकर काढून पेरणी साधायची असते, म्हणून तो जमिनीखाली छिद्रांचे पाइप घालतो. आपल्याकडे सांगली, कोल्हापूरच्या उसाच्या पट्ट्यात बारमाही पाण्याने जमिनी खारवट झाल्या, तिथे हा खर्च परवडतो आणि गरजेचाही आहे. कोरडवाहू सोयाबीनला तो झेपणार नाही. शिवाय इथे तेच पाणी पुढे दोन महिन्यांनी ज्वारी-हरभऱ्याला हवं असतं. सगळं काढून टाकून कसं चालेल?

आपल्या कामाचा उपाय जमिनीच्या वरच आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथल्या इक्रिसॅट संस्थेने १९७० च्या दशकात काळ्या मातीसाठी रुंद वरंबा आणि सरीची पद्धत बसवली. तीच आज बीबीएफ नावाने ओळखली जाते. दीड मीटरच्या पट्ट्यात सुमारे एक मीटरचा वरंबा, त्यावर तीन-चार ओळी, बाजूला सरी. शंभर मीटरला साधारण अर्धा मीटर एवढाच उतार ठेवायचा, म्हणजे पाणी निघतं पण माती घेऊन जात नाही. खंड पडला तर सरीत थांबलेली ओल कामी येते.

यंत्र भाड्याने मिळतं, वरंबे एका दिवसात होतात. अडतं ते सरीच्या शेवटच्या टोकाला. तिथून पाणी ओढ्यापर्यंत न्यायला चर लागतो, आणि तो बहुधा शेजाऱ्याच्या बांधातून जातो. सरी काढायच्या आधी उन्हाळ्यातच दोघांनी बांधावर बसून ती वाट ठरवावी. श्रावणात फावडं घेऊन गेलं की बोलणी होत नाहीत, भांडण होतं.