एकच गोळी, निरनिराळे रुग्ण

कोणतेही विधान कानी पडले की ‘हे कोणत्या अपेक्षेने म्हटले आहे?’ असा प्रश्न करावा, ही अनेकान्ताची पहिली शिकवण. एकच मनुष्य पित्याच्या अपेक्षेने पुत्र असतो आणि पुत्राच्या अपेक्षेने पिता. अपेक्षा वगळली की खरे विधानही दिशाभूल करू लागते. ‘ही गोळी हृदयाला उत्तम’ हे घरोघरी ऐकू येणारे वाक्य त्याच जातीचे आहे. कोणाच्या हृदयाला आणि कोणत्या अवस्थेत, हे सांगितल्याशिवाय ते पूर्ण होत नाही. डॅपाग्लिफ्लोझिन या औषधाच्या चाचण्यांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

प्रथम आजाराविषयी. ‘हार्ट फेल्युअर’ म्हणजे हृदय बंद पडणे नव्हे. शरीराच्या गरजेइतके रक्त पुढे ढकलण्यास हृदय अपुरे पडते. मग जिना चढताना धाप लागते, पावलांवर सूज येते, रात्री सपाट झोपवत नाही. टू-डी इकोच्या अहवालात ‘ई.एफ.’ म्हणून जो आकडा असतो, तो हृदयाचा डावा कप्पा प्रत्येक ठोक्याला आतील रक्तापैकी किती टक्के बाहेर टाकतो हे दर्शवतो. निरोगी हृदयात तो सामान्यतः ५५ च्या वर असतो. काही रुग्णांत तो ४० किंवा त्याहून खाली घसरतो. इतर अनेकांत मात्र आकडा चांगला असूनही हृदयाचा स्नायू ताठर झाल्याने ते नीट भरत नाही आणि धाप तशीच लागते. हा दुसरा प्रकार वृद्धांत, स्त्रियांत आणि दीर्घकाळ रक्तदाब असलेल्यांत अधिक आढळतो. नाव एक असले तरी हे दोन निराळे रुग्णगट आहेत.

या औषधाचे मूळ सफरचंदाच्या झाडाच्या सालीत आहे. १८३५ मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी त्या सालीतून फ्लोरिझिन नावाचे कडू द्रव्य वेगळे केले. त्याने लघवीवाटे साखर बाहेर पडते, हे त्याच शतकात पुढे लक्षात आले. त्याच कुळातील डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेहावरील औषध म्हणून बाजारात आले. मूत्रपिंड गाळलेली साखर पुन्हा रक्तात घेते; ही गोळी ती वाट पुष्कळशी अडवते.

हृदयाशी तिचा संबंध आला तो एका नियमामुळे. २००८ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मधुमेहावरील प्रत्येक नव्या औषधाने हृदयाला अपाय होत नाही हे सिद्ध करावे, असे बंधन घातले. त्यानुसार ‘डिक्लेअर’ ही चाचणी १७,१६० मधुमेही रुग्णांवर झाली. हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकाराने मृत्यू यांच्या एकत्रित प्रमाणात निर्णायक घट दिसली नाही. परंतु हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी रुग्णालयात भरती, यांचे एकत्रित प्रमाण ५.८ टक्क्यांवरून ४.९ टक्क्यांवर आले. अपाय शोधण्यास निघालेल्यांना उपाय सापडण्याची चिन्हे दिसू लागली.

तथापि ते सर्व रुग्ण मधुमेही होते आणि बहुतेकांना हार्ट फेल्युअर नव्हते. ज्याला हार्ट फेल्युअर आहे पण मधुमेह नाही, त्याचे काय? याचे उत्तर २०१९ मध्ये ‘डापा-एचएफ’ चाचणीने दिले. भारतासह २० देशांतील ४,७४४ रुग्ण तिच्यात होते. सर्वांचा ई.एफ. ४० किंवा त्याहून कमी होता आणि निम्म्याहून अधिक जणांना मधुमेह नव्हता. चालू उपचारांच्या जोडीला एका गटास ही गोळी व दुसऱ्या गटास दिसायला तशीच पण औषधविरहित गोळी देण्यात आली. कोणास कोणती मिळाली, हे रुग्णासही ठाऊक नव्हते आणि डॉक्टरासही नव्हते. सुमारे १८ महिन्यांत, हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअर बळावणे या घटना औषधविरहित गटात २१.२ टक्के, तर औषधाच्या गटात १६.३ टक्के घडल्या. मधुमेह असो वा नसो, लाभ सारखाच होता.

या आकड्यांचा हिशेब शांतपणे मांडला पाहिजे. शंभरांपैकी सुमारे पाच जणांवरील संकट टळले. सोळा जणांवर ते गोळी घेऊनही आले आणि उरलेल्यांवर ते गोळीविनाही आले नसते. लाभ मोलाचा आहे, पण तो चमत्कार नव्हे. शिवाय या चाचणीत स्त्रिया जेमतेम २३ टक्के होत्या. टाईप-१ मधुमेहाचे आणि मूत्रपिंड फार क्षीण झालेले रुग्ण मुळातच वगळलेले होते.

उरलेल्या मोठ्या गटासाठी २०२२ मध्ये ‘डिलिव्हर’ चाचणी प्रसिद्ध झाली. ई.एफ. ४० पेक्षा अधिक असलेले ६,२६३ रुग्ण, सरासरी वय सुमारे ७२, स्त्रिया ४४ टक्के. येथेही घटनांचे प्रमाण १९.५ टक्क्यांवरून १६.४ टक्क्यांवर आले. मात्र हा लाभ प्रामुख्याने आजार बळावणे टळण्यात होता; केवळ हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंतील फरक निर्णायक ठरला नाही.

पुढे २०२३ मध्ये ‘डापा-एमआय’ चाचणीत स्वीडन व ब्रिटनमधील सुमारे ४,००० रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्यानंतर लगेच ही गोळी देऊन पाहिली. त्यांना मधुमेह नव्हता आणि आधीपासूनचे हार्ट फेल्युअरही नव्हते. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरसाठी भरती यांचे प्रमाण औषधाच्या गटात २.५ टक्के आणि दुसऱ्या गटात २.६ टक्के राहिले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. औषध तेच होते, केवळ अपेक्षा बदलली होती.

यापैकी कोणत्याही चाचणीत आणखी एक गट स्वतंत्रपणे तपासलेला नव्हता. तो म्हणजे पर्युषणात अठ्ठाई करणारा, दशलक्षणात निर्जल उपवास करणारा, रोज चौविहार पाळणारा रुग्ण. जैन उपवासात साबुदाणा नसतो, फळेही नसतात. असते ते उकळलेले पाणी, आणि कधी तेही नाही. ही गोळी लघवीवाटे साखर व पाणी बाहेर टाकते. अन्न नसताना शरीर चरबी जाळते, तेव्हा कीटोन नावाची आम्ले तयार होतात. गोळीमुळे ती अधिक साचू शकतात. या कीटोअॅसिडोसिसचा इशारा अमेरिकी नियामक संस्थेने २०१५ मध्येच दिला. पुढे २०२० मध्ये, नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ही गोळी किमान तीन दिवस आधी थांबवावी, अशी सूचनाही केली. हा धोका मुख्यतः मधुमेही रुग्णांना, विशेषतः इन्सुलिन घेणाऱ्यांना असतो. घातक बाब अशी की रक्तातील साखर फारशी वाढलेली नसतानाही हे घडू शकते. ग्लुकोमीटरचा आकडा समाधानकारक दिसतो आणि मळमळ, उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास व विलक्षण थकवा ही लक्षणे ‘तपाचा शीण’ म्हणून दुर्लक्षिली जातात. अशी लक्षणे दिसताच रुग्णालय गाठावे आणि गोळीचे नाव तेथे आवर्जून सांगावे.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करणे हाही मार्ग नव्हे, कारण दुर्बल हृदयाला तिचा आधार असतो. पर्व सुरू होण्याच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना उपवासाचे नेमके स्वरूप सांगावे : किती दिवस, पाणी घेणार की नाही, सोबत लघवीच्या व मधुमेहाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत. गोळी केव्हा थांबवायची आणि पारण्यानंतर केव्हा सुरू करायची, हे त्यांनी ठरवावे. हे औषध अनेक व्यापारी नावांनी आणि मधुमेहाच्या संयुक्त गोळ्यांतूनही मिळते. म्हणून पाकिटावरील बारीक अक्षरांतले मूळ नाव पाहावे. ते ‘ग्लिफ्लोझिन’ने संपत असेल, तर हा सर्व विचार तेथे लागू होतो.

धर्मानेही येथे आडकाठी केलेली नाही. तीर्थंकर नामकर्माच्या सोळा कारणभावनांत तप शक्तीनुसार करावे असेच सांगितले आहे आणि पच्चक्खाणांत समाधी टिकवण्यासाठी आगाराची तरतूद आहे. ज्याचे हृदय दुर्बल आहे, त्याला ऊनोदरी, रसत्याग आणि स्वाध्याय हीही तपेच आहेत. पच्चक्खाण घेण्यासाठी महाराजसाहेबांकडे जाण्यापूर्वी गोळ्यांचे पाकीट घेऊन डॉक्टरांकडे एक फेरी झाली, तर पारण्याच्या दिवशी घरात आनंदच असेल.